ठाणे-नवी मुंबईच्या गॅलरीत स्वीट विल्यम : बियांपासून फुलांपर्यंत

स्वीट विल्यम आपल्या हवेत होत नाही, असं ठाण्यातली बरीच बागवेडी माणसं ठामपणे सांगतात. त्यांचा अनुभव खोटा नाही. ऑनलाइन मागवलेलं बी उगवतं, रोपं तरारतात, झुपकेदार होतात आणि एक कळीही न दाखवता एप्रिलच्या उन्हात करपून जातात. पण यात हवेचा दोष अर्धाच आहे. बहुतेक वेळा बी आपल्या हवेला न मानवणाऱ्या जातीचं असतं, नाहीतर पेरणी उशिरा झालेली असते. या दोन गोष्टी जमल्या की पुढचं काम पिटुनिया किंवा शेवंती लावणाऱ्या कुणालाही जमण्यासारखं आहे. म्हणून बियांची निवड, पेरणीची वेळ आणि रोपांचे पहिले पाच-सहा आठवडे याबद्दल इथे सविस्तर लिहिलं आहे. रोप एकदा कुंडीत रुजलं की सांगण्यासारखं कमीच उरतं.

झाडाचा स्वभाव आधी ओळखा

याचं शास्त्रीय नाव डायन्थस बार्बेटस. लिनियसने १७५३ मध्ये ते नोंदवलं. मूळचं हे दक्षिण युरोपातल्या डोंगराळ भागातलं, आणि इंग्लंडच्या बागांमध्ये ते सोळाव्या शतकापासून लावलं जातंय. २०११ मध्ये ब्रिटनच्या राजपुत्र विल्यमच्या लग्नात वधूच्या हातातल्या गुच्छात ही फुलं मुद्दाम घातली होती. तळेगावच्या पॉलिहाऊसमधून आपल्याकडे येणारं कार्नेशन हे याचंच जवळचं भावंड. डिसेंबरात नर्सरीत नुसत्या 'डायन्थस' या नावाने मिळणारी ठेंगणी रोपं बहुधा चिनी डायन्थसची किंवा त्याच्या संकराची असतात.

फूल एकेकटं येत नाही. देठाच्या टोकाला छोट्या फुलांचा सपाटसर गुच्छ येतो आणि चांगल्या पोसलेल्या गुच्छात वीस-तीस फुलं सहज असतात. एक फूल तोडून जवळून पाहा. पाच पाकळ्या, प्रत्येकीची कड बारीक दातेरी. काही जातींत मधोमध पांढरा ठिपका, त्याभोवती गडद किरमिजी कडं आणि बाहेर पुन्हा फिकट किनार. खाली कळ्यांच्या मधून हिरव्या, दोऱ्यासारख्या बारीक पात्या वर आलेल्या दिसतात. त्यामुळे न उमललेला गुच्छही केसाळ आणि देखणा दिसतो. जुन्या जातींना लवंगेच्या जवळ जाणारा सौम्य वास असतो. नव्या संकरित जातींमध्ये तो फारच कमी. वासासाठी हे झाड लावणार असाल तर तेवढी अपेक्षा आधीच कमी ठेवा.

आता मूळ अडचण. पारंपरिक स्वीट विल्यम दोन वर्षांचं झाड आहे. युरोपात ते मे ते जुलैमध्ये पेरतात. पहिल्या वर्षी ते फक्त पानं आणि मुळं वाढवतं, हिवाळ्याची कडक थंडी सोसतं आणि पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर फुलतं. ती थंडी हीच त्याला फुलायची सूचना असते. कित्येक आठवडे सलग पाच-दहा अंशांच्या आत राहिल्याशिवाय ते कळी धरत नाही. ठाण्यात भर जानेवारीतही रात्रीचं तापमान साधारण १५ ते १९ अंशांच्या घरात असतं. एखादी लाट येते आणि चार दिवसांत निघून जाते. तेवढ्याने या झाडाला हिवाळा झाल्याचं कळत नाही.

यावर एक उपाय सर्रास सांगितला जातो : बी महिनाभर फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे थंडीची गरज भागते. हा सल्ला या झाडाला लागू पडत नाही. स्वीट विल्यमला थंडी लागते ती वाढत्या रोपाला, पुरेशी पानं आल्यानंतर. कोरड्या बियाला दिलेल्या थंडीचा फुलण्याशी संबंध नाही. फ्रिज बी टिकवण्यासाठी उत्तम आहे, तेवढंच.

बी कोणतं घ्यावं

सुदैवाने थंडीशिवाय पहिल्याच हंगामात फुलणाऱ्या जाती आता मिळतात आणि आपल्यासाठी फक्त त्याच आहेत. पाकिटावर 'बायेनियल' (म्हणजे दोन वर्षांचं) लिहिलं असेल तर रंग कितीही मोहात पाडणारे असले तरी ते घेऊ नका. 'ॲन्युअल' किंवा 'फर्स्ट इयर फ्लॉवरिंग' असं स्पष्ट लिहिलेलं हवं. काहीच लिहिलं नसेल, नुसतंच 'मिक्स्ड कलर्स' असेल, तर ते जुन्या पद्धतीचं बी असण्याची शक्यता जास्त.

उंच जातींमध्ये 'अमेझॉन' आणि 'स्वीट' या दोन एफ-वन (संकराच्या पहिल्या पिढीच्या) मालिका अशा आहेत. देठ लांब, गुच्छ मोठे, फुलदाणीसाठी सुंदर. ठेंगण्यांमध्ये 'आयडियल' आणि 'टेलस्टार' हे स्वीट विल्यम आणि चिनी डायन्थस यांचे संकर आहेत. ते वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास राहतात, त्यांचा गुच्छ थोडा विरळ असतो, पण ते लवकर फुलतात आणि ऊनही जास्त सोसतात. 'वी विली' ही खरीखुरी स्वीट विल्यमची बुटकी, एका हंगामाची जात.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी ठेंगण्या संकरांवर भर द्या आणि सोबत चार-सहा रोपं 'अमेझॉन'ची करा. खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेंगणी रोपं वाऱ्याने मोडत नाहीत, आणि आपला हिवाळा आखूड असल्यामुळे लवकर फुलणाऱ्या जातीला संधी जास्त मिळते. उंच जातींच्या गुच्छाला तोड नाही, पण त्यांना दोन-तीन आठवडे अधिक लागतात आणि फेब्रुवारीत हे आठवडे फार महाग पडतात.

बी काळं, चपटं, खसखशीपेक्षा थोडं मोठं असतं. एका ग्रॅममध्ये साधारण हजारभर दाणे भरतात. एफ-वनच्या पाकिटात मोजकेच दाणे येतात, म्हणून सगळे एकदम पेरू नका. निम्मे पेरा आणि निम्मे दहा दिवसांनी. पहिल्या खेपेला काही बिघडलं तर हाताशी दुसरी खेप असते.

पेरणीची वेळ

इथे दोन बाजूंनी कोंडी आहे. लवकर पेरावं तर ऑक्टोबर हीट, उशिरा पेरावं तर फुलं ऐन मार्चच्या उन्हात. परतीचा पाऊस आपल्याकडून साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात जातो, आणि त्यानंतर दुपारचं तापमान ३४-३५ अंशांपर्यंत चढतं. बी उगवायला १८ ते २२ अंश तापमान सगळ्यात चांगलं. तेवढं आपल्या घरात ऑक्टोबरात मिळणं शक्य नाही, पण २६-२७ अंशांतही बी उगवतं, फक्त थोडं मागेपुढे.

ठेंगण्या जातींना पेरणीपासून पहिल्या फुलापर्यंत बारा ते चौदा आठवडे लागतात, उंच जातींना चौदा ते सोळा, कधी त्याहूनही जास्त. दिवस लांब असले की ही झाडं लवकर फुलतात, आणि आपला डिसेंबरातला दिवस जेमतेम ११ तासांचा. म्हणून पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत एक-दोन आठवडे मनाने मिळवावेत.

हिशेब उलट्या बाजूने करा. फुलं जानेवारीच्या अखेरीपासून हवीत, म्हणजे फेब्रुवारी पूर्ण आणि अर्धा मार्च आपल्याला मिळतो. त्यासाठी उंच जाती १० ते २० ऑक्टोबरच्या दरम्यान आणि ठेंगण्या २० ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबरच्या दरम्यान पेरल्या पाहिजेत. दसरा-दिवाळीच्या मधले दिवस असं पुष्कळदा सांगितलं जातं आणि बऱ्याच वर्षी ते बरोबरही ठरतं, पण अधिक महिना आला की सण पुढे सरकतात, त्यामुळे तारीख धरलेली बरी. नोव्हेंबरच्या मध्यानंतर पेरलेलं उगवतं छान, कारण हवा तेव्हाच खरी सुखाची होते. पण ती रोपं कळीवर येईपर्यंत उन्हाळा दारात उभा असतो. ठाण्यात अनेकांची फसगत होते ती इथेच.

ऊन कुठून येतं ते पाहा

पेरण्याआधी जागा ठरवा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडे भर दुपारीही तो क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवरच असतो. त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन आतपर्यंत येतं, आणि उन्हाळ्यात जिथे सावली असते तिथेही या दिवसांत चार-पाच तास ऊन मिळतं. पूर्वेची गॅलरीही चांगली. पश्चिमेची जानेवारीपर्यंत चालते, पण फेब्रुवारीच्या उत्तरार्धात दुपारी तीननंतर शेडनेटची सावली द्यावी लागते. उत्तरेच्या गॅलरीत या झाडाचा नाद सोडा. तिथे हिवाळ्यात सरळ ऊन येतच नाही.

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये समोरची इमारत आपलं ऊन अडवते, आणि ते कळायला उन्हाळ्यातला अंदाज उपयोगी पडत नाही. दिवाळीच्या सुमारास एका रविवारी सकाळी आठ, अकरा आणि दोनला गॅलरीत ऊन कुठे पडतं ते बघून ठेवा. किमान पाच तास हवेतच.

जमिनीत लावणार असाल तर नवी मुंबईकरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वाशी, सानपाडा, नेरूळचा बराच भाग खाडीच्या दलदलीवर भराव घालून उभा राहिला आहे. अशा जमिनीत क्षार असू शकतात आणि निचराही धड होत नाही. डायन्थसला मुळाशी साचलेलं पाणी अजिबात खपत नाही. तिथे वीस-पंचवीस सेंटिमीटर उंचीचा वाफा बाहेरची माती आणून करावा, नाहीतर सरळ कुंडी घ्यावी.

बी पेरणं

लागणारं सामान थोडं आहे : पसरट, तळाला भोक असलेलं मातीचं भांडं किंवा रोपांचा ट्रे, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाईट (निचऱ्यासाठीचे पांढरे, हलके खडे) आणि बारीक चाळणी. मला प्लास्टिकच्या ट्रेपेक्षा मातीचं भांडं पसंत आहे. माठासारखं ते झिरपतं आणि त्यातलं मिश्रण दोन-तीन अंशांनी थंड राहतं. ऑक्टोबरात हा फरक मोलाचा असतो.

कोकोपीटची वीट भिजवली की पहिलं पाणी पिळून टाका, पुन्हा स्वच्छ पाण्यात भिजवून पिळा, आणि पाण्याचा रंग फिकट होईपर्यंत दोन-तीनदा हेच करा. नारळाच्या काथ्यात मीठ राहिलेलं असतं आणि ते कोवळ्या मुळांना जाळतं. तीन भाग कोकोपीट आणि एक भाग परलाईट असं मिश्रण करा, त्यात चिमूटभर ट्रायकोडर्मा पावडर (रोगट बुरशीला आवर घालणारी उपयोगी बुरशी) मिसळा. गांडूळखत, शेणखत या टप्प्यावर घालू नका. बियात स्वतःपुरतं अन्न असतं, आणि ओलसर खतात रोपं कोलमडवणारी बुरशी झपाट्याने वाढते.

मिश्रण भांड्यात भरून हलक्या हाताने सपाट करा. मुठीत घट्ट दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब निघेल, इतकंच ओलं हवं. टूथपिकचं टोक पाण्यात बुडवून एकेक दाणा उचला आणि दोन-दोन सेंटिमीटरवर ठेवत जा. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण चिमटीने भुरभुरलेलं बी एका जागी दाट पडतं आणि पुढे तिथूनच मर सुरू होते. वरून चाळणीने तेच मिश्रण भुरभुरवा, तीन मिलिमीटरपेक्षा जास्त नको. मग भांडं परातीतल्या दोन बोटं पाण्यात ठेवा. वरचा थर ओलसर दिसला की काढून निथळू द्या. झारीने पाणी घातलं तर बी वाहून कडेला जमा होतं. काडीवर जात आणि तारीख लिहून खोचून ठेवा.

भांड्यावर वर्तमानपत्राचा कागद घाला आणि ते घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, जमिनीवर ठेवा. पहिल्या मजल्यापासून विसाव्यापर्यंत सगळीकडे फरशी ही खोलीतली थंड जागा असते. मुंग्यांचा त्रास असेल तर भांडं पाण्याच्या ताटलीत विटेच्या तुकड्यावर टेकवा. पाचव्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ कागद उचलून बघा. सात ते चौदा दिवसांत अंकुर येतात.

पहिला हिरवा ठिपका दिसला की त्याच दिवशी कागद काढा आणि भांडं उजेडात आणा. ही गोष्ट एक दिवसही पुढे ढकलू नये. अंधारात राहिलेलं रोप दोन दिवसांत लांबट, पांढुरकं होतं आणि नंतर कितीही ऊन दिलं तरी ते सरळ होत नाही. सुरुवातीला सकाळचं कोवळं ऊन, आठवड्याने तीन-चार तासांचं ऊन. खोलीत पंखा मंद चालू राहिला तर उत्तमच, हवा खेळती राहिली की बुरशीला वाव कमी मिळतो.

रोपांची निगा आणि पहिलं स्थलांतर

पहिली दोन बीजपानं अरुंद असतात. मग खऱ्या पानांची जोडी येते, आणि पुढची जोडी तिच्याशी काटकोनात. वरून पाहिलं की अधिक चिन्हासारखी रचना दिसते. मिश्रणाचा वरचा थर फिकट पडला की पुन्हा परातीतून पाणी द्या. या काळात दोन प्रकारे रोपं जातात : भर दुपारी सुकून, किंवा जमिनीलगत देठ काळा-पिचका होऊन आडवी पडून. दुसरा प्रकार दिसला तर ते रोप आणि त्याच्या आजूबाजूचं चमचाभर मिश्रण लगेच काढून टाका, दोन दिवस पाणी तोडा आणि वारा लागू द्या.

खऱ्या पानांच्या दोन जोड्या झाल्या, म्हणजे साधारण पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांनी, रोपं चहाच्या कागदी कपात किंवा तीन इंची पिशवीत हलवा. आइस्क्रीमच्या काडीने खालून मुळांसकट उचला आणि रोप पानाला धरा, देठाला कधीच नाही. पान फाटलं तर नवं येतं. देठ चेपला तर रोप गेलं. पूर्वी जितकं खोल होतं तितकंच लावा. टोमॅटोचं रोप आपण खोल गाडतो तसं इथे करू नये, कारण मातीत गाडला गेलेला बुंधा कुजतो. हे काम संध्याकाळी करावं आणि दोन दिवस रोपं सावलीत ठेवावी.

शेवटची कुंडी

रोपाची मुळं कपाच्या भोकातून डोकावू लागली की, म्हणजे नोव्हेंबरची अखेर ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, त्याला कायमच्या कुंडीत न्या. आठ इंची कुंडीत उंच जातीचं एक किंवा ठेंगण्या जातीची तीन रोपं. ग्रिलमध्ये बसणारी लांबट कुंडी किमान सहा-सात इंच खोल असावी, आणि रोपांत पंधरा ते वीस सेंटिमीटर अंतर ठेवावं. आता ते फार वाटेल. जानेवारीत वाटणार नाही.

मातीचं मिश्रण : दोन भाग लाल माती, एक भाग जाडसर नदीची वाळू किंवा परलाईट, एक भाग जुनं, वास न येणारं गांडूळखत, अर्धा भाग धुतलेलं कोकोपीट आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. खाडीची वाळू चालत नाही. आपल्याकडे कुंडीत अर्ध्याहून जास्त कोकोपीट घालण्याची रीत पडली आहे. फर्न-मनी प्लांटला ती मानवते, डायन्थसला नाही. त्याची मूळं सतत ओल्या मिश्रणात गुदमरतात.

हे झाड आम्लयुक्त मातीवर नाराज असतं. त्याला उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी, ६.५ ते ७.५ सामू (पीएच) असलेली माती आवडते. आपली लाल, मुरमाड माती थोडी आम्लाकडे झुकलेली असते. म्हणून मिश्रण करतानाच प्रत्येक आठ इंची कुंडीमागे एक चमचा डोलोमाइट (चुनखडीसारख्या दगडाची पूड) मिसळून ते पंधरा दिवस भिजत ठेवा. विड्याच्या पानाला लावायचा चुना वापरू नका, तो फार तीव्र असतो. अंड्याची टरफलं घालायला हरकत नाही, पण ती विरघळायला इतका वेळ घेतात की या हंगामात त्यांचा उपयोग होत नाही.

शेंडा खुडायचा का

ठेंगणे संकर आपणहून फुटवे काढतात, त्यांना हात लावू नका. उंच जातींचा शेंडा खुडला तर एकाऐवजी चार-पाच देठ मिळतात, पण फुलं दोनेक आठवडे लांबतात. म्हणून १० डिसेंबरच्या आत पानांच्या पाच-सहा जोड्या झालेल्या असतील तरच खुडा. डायन्थसचा देठ पेरांपेरांचा असतो, आणि प्रत्येक पेरापाशी तो फुगीर होतो. त्या फुगवट्याच्या जरा वर धरून बाजूला वाकवलं की टक् करून स्वच्छ तुटतो. तारीख उलटून गेली असेल तर जसं आहे तसं वाढू द्या.

पाणी, खत, आधार

पाण्याच्या बाबतीत शेतकऱ्यांचा एक शब्द इथे नेमका बसतो : वाफसा. माती ओलसर, पण हाताला चिखल न लागणारी. बोटाचं पहिलं पेर मातीत घालून पाहा. तिथपर्यंत कोरडं लागलं तरच पाणी द्या, आणि मग तळातून निघेपर्यंत द्या. डिसेंबरात हे दोन दिवसांआड होईल, पूर्वेचे कोरडे वारे सुटले की रोज. सकाळीच द्या आणि बुंध्याशी द्या, पानांवर नको. ताटलीत साठलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका. ग्रिलमधल्या कुंड्यांना ताटली हवीच, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मातीचे ओघळ जातात आणि सोसायटीत कटकट होते.

कायमच्या कुंडीत लावल्यावर दोन आठवड्यांनी खत सुरू करा. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात) हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, दर दहा-बारा दिवसांनी. कळ्या दिसल्या की ते थांबवून ००:००:५० (नुसतं पालाशचं खत) तेवढ्याच प्रमाणात दोन वेळा द्या. युरिया किंवा ताजं शेण दिलं तर पानं माजतात, देठ मऊ पडतात आणि मावा हजर होतो. केळ्याच्या सालीच्या पाण्यावर लोकांचा फार विश्वास आहे, पण त्यातून मिळणारं पालाश थोडं आणि चिलटं जास्त. साली खतकुंडीत टाकलेल्या बऱ्या.

उंच जातींना गुच्छाचा भार झेपत नाही. खराट्याचे हीर यासाठी सगळ्यात सोयीचे : बारीक, लवचीक आणि पानांत न दिसणारे. झाडाभोवती तीन हीर खोचून सुती दोऱ्याचं सैल कडं करा. गुच्छ फुलायच्या आधी करा, वाकलेला देठ नंतर सरळ होत नाही.

कीड-रोग

मोठा शत्रू लाल कोळी. फेब्रुवारीत हवा तापली की तो येतो. पानावर बारीक फिकट ठिपके, पानं राखट दिसू लागतात, मागच्या बाजूला धुळीसारखी जाळी. बांधकामाची धूळ पानांवर साचली तर त्याचं अधिकच फावतं. आठवड्यातून एकदा, सकाळी आणि ऊन चढायच्या आत, पानांच्या मागच्या बाजूवर पाण्याचा फवारा मारा. एरवी पानं कोरडी ठेवायची, त्याला हा एवढाच अपवाद. जास्त असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि चार थेंब भांड्यांचा साबण, संध्याकाळी, पाच-सहा दिवसांच्या अंतराने तीन वेळा. उमललेल्या फुलांवर मारू नका, डाग पडतात.

तांबेरा म्हणजे पानांच्या मागे तपकिरी, खरखरीत फोड. तशी पानं तोडून कचऱ्यात टाका, खतकुंडीत नको. झाड पाणी असूनही एका बाजूने कोमेजू लागलं तर तो मुळांचा मर रोग असतो. ते झाड मातीसकट काढणं हाच मार्ग. आणि कबुतरं. कोवळी रोपं तुडवणं, उपटणं, त्यांवर बसणं हे सगळं ती करतात. जाळी नसेल तर रोपं हाताएवढी होईपर्यंत कुंडीवर प्लास्टिकची भाजीची टोपली उपडी घालून ठेवा, ऊन आणि वारा दोन्ही आत जातात.

फुलं आल्यावर

जानेवारीच्या शेवटी गुच्छाच्या मधल्या कळ्यांची टोकं रंगू लागतात. पहिलं फूल उमलल्यापासून गुच्छ पूर्ण भरायला आठवडा-दीड आठवडा लागतो. फुलदाणीसाठी तोडायचे असतील तर पाच-सहा फुलं उमललेली आणि बाकी कळ्या अशा अवस्थेत, भल्या सकाळी कापा. खालची पानं काढा, पाणी दोन दिवसांनी बदला. गुच्छ आठवडाभर ताजा राहतो. झाडावर ठेवलेल्या फुलांवर फुलपाखरं येतात. येऊरच्या पायथ्याशी किंवा पारसिक टेकडीजवळ राहणाऱ्यांना ती जास्त दिसतील.

गुच्छ सुकला की देठ खालच्या पानांच्या जोडीपर्यंत कापा. १५ फेब्रुवारीच्या आत पहिला बहर संपला असेल तर सगळं झाड एक तृतीयांशाने छाटून एकदा १९:१९:१९ द्या. महिना-सव्वा महिन्यात दुसरा, थोडा लहान बहर येतो. त्यानंतर छाटू नका. पूर्वेचा वारा दुपारी उशिरापर्यंत राहिला की मार्चमध्ये ठाण्याचा पारा ३७-३८ अंशांवर जातो आणि छाटलेलं झाड त्यात सावरत नाही.

बी धरायचं असेल तर

फूल सुकल्यावर नळीसारखी बोंडं तयार होतात. ती तपकिरी होऊन टोकाशी चार दातांनी उघडली आणि हलवल्यावर आत खुळखुळ वाजलं की काढा. एफ-वन जातींचं बी पुढच्या वर्षी आईबापांसारखं येत नाही, रंग आणि उंची दोन्ही बदलतात. शेजारी चिनी डायन्थस असेल तर तीही सरमिसळ होते. हे कूळ संकराला इतकं तयार असतं की लंडनमधल्या टॉमस फेअरचाइल्ड या माळ्याने १७१७ च्या सुमारास माणसाच्या हातून झालेला पहिला नोंदलेला वनस्पती-संकर घडवला तो यातूनच : कार्नेशनच्या फुलावर त्याने स्वीट विल्यमचे पराग लावले. तेव्हा काय उगवतंय ते पाहण्याची हौस असेल तर जरूर धरा, आणि ठरावीक रंग हवा असेल तर दर वर्षी नवं पाकीट घ्या. उरलेलं बी सिलिका जेलच्या पुडीसह काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवलं तर दोन-तीन वर्षं उगवण चांगली राहते.

एप्रिलमध्ये झाडं काढून टाका. काही जण ती सावलीत ठेवून पावसाळा पार करायचा प्रयत्न करतात, पण जुलैच्या सततच्या ओलीत बुंधा कुजतो. कुंडीतली माती मोकळी करून किंचित ओलसर करा, पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड बांधा आणि गच्चीवर किंवा उन्हाच्या गॅलरीत मे अखेरपर्यंत तापू द्या, म्हणजे मर रोगाची बुरशी आणि कोळ्याची अंडी बरीच कमी होतात. पावसाळ्यात त्याच मातीत झेंडू किंवा भेंडी घ्या, आणि पुढच्या ऑक्टोबरातल्या डायन्थससाठी माती नवी करा.